ब्रेक नसलेला कटर: ढेबेवाडी खोऱ्यातील एका जुन्या यंत्राचे प्रकरण

गेल्या दिवाळीनंतर घराचा माळा रिकामा करताना अण्णांची पेट्रोलवर चालणारी करवत खाली उतरवली. तिच्या टाकीत दीड वर्षापूर्वीचे पेट्रोल तसेच होते आणि झाकण उघडताच रंगाच्या डब्यासारखा उग्र वास आला. आमचे गाव पाटण तालुक्यातील ढेबेवाडी खोऱ्यात आहे. इथे या यंत्राला कोणी चेन सॉ म्हणत नाही, ‘कटर’ म्हणतात, म्हणून मीही पुढे तोच शब्द वापरतो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा कटर २०११ साली कराडमधून २४,००० रुपयांना घेतला होता. इंजिन ४५ सीसीचे, साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी १८ इंची, कंपनी परदेशी आणि चांगल्या नावाची. बांधावरचे सिल्व्हर ओक आणि निलगिरी उतरवणे, गोठ्यासाठी वासे काढणे आणि पावसाळ्यात वाटेत आडवे पडलेले झाड बाजूला करणे, एवढेच त्याचे काम होते. आता अण्णा ७३ वर्षांचे आहेत आणि मे २०२४ नंतर त्यांनी कटर हातात धरलेला नाही.

त्याचे काय करायचे यावर घरात एकमत नव्हते. आईचे म्हणणे होते की दुरुस्त करून घरातच ठेवावा. पुण्यात असलेल्या थोरल्या भावाने फोनवर सांगितले, की जो येईल त्याला विकून मोकळे व्हा. अण्णांच्या मनात तो माझ्या चुलतभावाला देण्याचे होते. हा मुलगा वीस वर्षांचा आहे, कष्टाळू आहे आणि गावातल्या पोरांबरोबर पावसाळ्यात रस्ते मोकळे करायला जातो. दरम्यान, लाकडाचा व्यापार करणाऱ्या एका ठेकेदाराने कटर चालूही करून न पाहता, आहे त्या स्थितीत ५,००० रुपये देऊ केले. मी साताऱ्याला नोकरीला असतो, महिन्यातून दोनदा गावी येतो, आणि घरातल्या असल्या व्यवहारांची कागदपत्रे माझ्याकडे असल्याने निर्णयाचे काम माझ्यावर आले. ते कसे पार पडले आणि त्यात माझे कुठे चुकले, हे सविस्तर लिहिण्याचे कारण एवढेच, की अशी यंत्रे आज आपल्याकडे गावोगाव माळ्यांवर पडून आहेत आणि ती पुढे कोणाच्या हातात जातात याचा विचार फारसा होत नाही.

पहिला प्रश्न होता तो आमच्या स्वतःच्या गरजेचा. अण्णांना वहीत सगळे टिपून ठेवण्याची सवय आहे, त्यामुळे अंदाज बांधावा लागला नाही. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. त्या आठवड्यात आमच्या वाडीचा रस्ताही पडलेल्या झाडांनी बंद झाला होता आणि अण्णांनी सलग तीन दिवस कटर चालवला होता. आईच्या मनात तो आठवडा अजून ताजा आहे आणि तिच्या आग्रहाचे मूळ तिथेच आहे. परंतु तो आठवडा वगळला, तर पुढच्या तीन वर्षांत कटर वर्षाला दोन दिवसांपेक्षा जास्त चाललेला नव्हता. आमच्याकडे स्वतःचे यंत्र घेऊन येणारा माणूस दिवसाला १,८०० रुपये घेतो, आणि यंत्र आपले असेल तर नुसती मजुरी ९०० रुपये होते. म्हणजे कटर ठेवून वर्षाला १,८०० रुपये वाचणार, त्यातून पेट्रोल, ऑइल आणि साखळीची झीज वजा केली तर निम्मेही हाती राहणार नाहीत. शिवाय वर्षातले साडेअकरा महिने पडून राहिलेले दोन-स्ट्रोक इंजिन नेमके पावसाळ्यात, अंधारात, गरज पडेल तेव्हा सुरू होईलच याची खात्री देता येत नाही. हा हिशेब मांडल्यावर आई म्हणाली, “मग वाडीत कुणाकडं तरी असू दे, म्हणजे झालं.” तिची अट रास्त होती आणि शेवटपर्यंत मी ती लक्षात ठेवली.

कटर घेऊन मी आणि अण्णा कराडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी दोरी ओढण्याच्या आधी सायलेन्सर काढला आणि त्या छिद्रातून बॅटरीचा उजेड टाकून पिस्टनची बाजू मला दाखवली. पिस्टनवर उभे ओरखडे असतील तर इंजिन कधीतरी ऑइलविना किंवा कमी इंधनावर तापून आवळले गेले असे समजावे, आणि मग पुढचा खर्च करण्याआधी दहादा विचार करावा, असे त्यांचे सांगणे होते. आमच्या पिस्टनची बाजू गुळगुळीत होती. नंतर प्लगच्या जागी गेज लावून त्यांनी दाब मोजला, तो १३५ पीएसआय भरला. या आकाराच्या इंजिनात १२० च्या वर आकडा आला तर रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) आणि बोअर (सिलिंडरची आतली बाजू) ठीक आहेत असे धरतात, आणि शंभराच्या खाली गेला की सुरू करतानाच त्रास होऊ लागतो. याचे श्रेय अण्णांनाच आहे. कंपनीचे टूटी ऑइल, म्हणजे दोन-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे ऑइल, ते लिटरला २० मिली या प्रमाणात मोजून घालत, टोपणाने अंदाजे कधीच नाही.

बिघाड इंधनाच्या वाटेवर होता. या कटरच्या कार्बोरेटरमध्ये मोटारसायकलसारखी तरंगती पुंगळी नसते. यंत्र आडवे-उलटे धरले तरी चालावे म्हणून त्यात रबरी पडदे असतात, आणि इंजिनच्या आतल्या दाबाच्या चढउतारावर ते पडदे पेट्रोल ओढतात. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते आणि जुन्या यंत्रांतल्या रबराला फुगवते किंवा कडक करते. आमच्या खोऱ्यातल्या पावसाळ्यात तर हवेत पाण्याला तोटा नाही. दीड वर्षात पडदे वाळलेल्या पानासारखे ताठ झाले होते, इंधनाची नळी बोटाने दाबताच चिरली आणि बारीक छिद्रांत चिकट थर बसला होता. कटर ठेवून देताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले असते, तर यातला बराचसा खर्च वाचला असता. कार्बोरेटरचे किट ४५० रुपये, नळी आणि फिल्टर ३५०, प्लग १५०. एवढ्या ९५० रुपयांत आणि मजुरीत इंजिन सुरू होणार होते, आणि मी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला.

हीच माझी चूक होती. इंजिन सुरू झाले की यंत्र दुरुस्त झाले, अशी माझी समजूत होती. मिस्त्रींनी बाजूचे झाकण उघडले, क्षणभर पाहिले आणि विचारले, “अण्णा, इंजिन झकास आहे, पण ब्रेकची पट्टी कुठं गेली हो?”

पुढच्या मुठीसमोर उभा असलेला हातरक्षक हा केवळ काटक्या अडवण्यासाठी नसतो, तो चेन ब्रेकचा दांडा असतो. पट्टीच्या टोकाच्या वरच्या अर्ध्या भागाला दुसरी फांदी किंवा ओंडका लागला, की साखळीचे दात लाकडात अडकतात आणि इंजिनाची सारी ताकद उलटी फिरून पट्टी माणसाच्या तोंडाच्या, मानेच्या दिशेने उसळते. पूर्ण वेगात साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावत असते आणि ही उसळी पापणी लवायच्या आत पूर्ण होते, म्हणजे माणसाने सावध होऊन बाजूला होण्यास अवकाशच नसतो. अशा वेळी डावे मनगट हातरक्षकावर आदळते, किंवा झटक्यानेच तो पुढे ढकलला जातो, आणि क्लचच्या ड्रमभोवतीची पोलादी पट्टी आवळून साखळी जागच्या जागी थांबते. आमच्या कटरमध्ये हातरक्षक होता, परंतु ती पोलादी पट्टीच नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला ब्रेक असल्याचे दिसत होते आणि आत काहीच नव्हते. हे मला सर्वांत भयंकर वाटले, कारण हातरक्षकच तुटलेला असता तर घेणाऱ्याने निदान प्रश्न तरी विचारला असता.

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले की २०१८ च्या सुमारास ओल्या निलगिरीचा भुसा त्या झाकणाखाली साचून ब्रेक वारंवार आवळला जाई, यंत्र तापे आणि कामाचा खोळंबा होई, म्हणून त्यांनी स्वतःच ती ब्रेकची पट्टी काढून टाकली. रोज काम झाल्यावर झाकण उघडून ब्रशने भुसा साफ करणे हा त्यावरचा खरा उपाय होता, परंतु तो त्यांना कोणी सांगितला नव्हता. सहा वर्षे त्यांनी ब्रेक नसलेला कटर चालवला आणि २०२१ च्या त्या तीन दिवसांत, पाण्याने भरलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या झाडांवरही तोच चालवला. आम्ही सगळे तेव्हा त्यांचे कौतुक करत उभे होतो.

मिस्त्रींनी मग सगळेच तपासले. इंजिन आणि मुठी यांच्यामधले रबरी गट्टू दबून गेले होते. हे गट्टू इंजिनाची थरथर हातापर्यंत पोहोचू देत नाहीत. ते पाहताना अण्णा सहज म्हणाले, की थंडीच्या सकाळी त्यांची दोन बोटे पांढरी पडतात आणि मुंग्या येतात. हे त्यांनी घरात कधी सांगितले नव्हते. थरथरणारी यंत्रे वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या थंडीत आकसून असे होते, आणि वेळीच काम थांबवले नाही तर बोटांची जाणीव कायमची कमी होऊ शकते, हे मी नंतर डॉक्टरांकडून ऐकले. त्यांनी अण्णांना थरथरणारे यंत्र पुन्हा हातात न धरण्यास, थंडीत हातमोजे घालण्यास आणि तंबाखू सोडण्यास सांगितले. पहिल्या दोन गोष्टी अण्णांनी ऐकल्या आहेत.

साखळीचीही कथा होती. या साखळीचे दात आळीपाळीने डावे आणि उजवे असतात. लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून जोसेफ कॉक्स या अमेरिकी लाकूडतोड्याने १९४० च्या दशकात ही रचना केली, आणि जगभर आजही तीच चालते. डावे-उजवे दात सारख्या लांबीचे राहिले तरच काप सरळ जातो. अण्णा ४.८ मिलिमीटरच्या गोल कानसीने नजरेच्या अंदाजावर धार लावत. उजव्या हाताचा जोर एका बाजूला जास्त पडल्याने डावे दात अधिक झिजले होते. म्हणूनच शेवटच्या वर्षी ओंडक्यातला काप कमानीसारखा वळत असे, आणि त्याचा दोष आम्ही पट्टीला देत होतो. पट्टीला वंगण म्हणून ट्रॅक्टरचे जळके ऑइल घातल्याने तिच्या खाचेच्या कडा खरखरीत झाल्या होत्या आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या चाकाचे, दातही झिजले होते.

एकूण हिशेब असा झाला. इंधनाच्या वाटेचे ९५० रुपये, ब्रेकची पट्टी, स्प्रिंग आणि नवा हातरक्षक मिळून १,६००, रबरी गट्टू ६००, साखळी १,३००, स्प्रॉकेट ८५०, नवी पट्टी १,८५० आणि मजुरी १,२००, म्हणजे एकंदर ८,३५० रुपये. मिस्त्रींच्या मते अशा स्थितीतला, नीट चालणारा, १४ वर्षांचा कटर ११,००० रुपयांच्या आसपास जाईल. ठेकेदार मात्र काहीच न करता ५,००० रुपये रोख देत होता.

त्या रात्री घरी चर्चा झाली. भावाचे मत अजून बदललेले नव्हते, आणि नुसत्या पैशांकडे पाहिले तर तो बरोबरच होता. पण ठेकेदाराचा प्रस्ताव मी दोन कारणांनी नाकारला. कटर तो स्वतः चालवणार नव्हता. रोजंदारीवर आणलेला कोणी मजूर, ज्याला हातरक्षकामागे काही नाही हे कोणी सांगणार नाही, तो दिवसाचे आठ तास चालवणार होता. दुसरे कारण आमच्या परिसराचे आहे. पाटण तालुक्याच्या पश्चिमेला कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. खासगी जमिनीवरही आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, हिरडा, ऐन, किंजळ, खैर अशी अनुसूचित झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ५२ प्रमाणे जप्त होतात. आमच्या कटरचे बिल अण्णांच्या नावाचे होते. ठेकेदार काही गैर करील असे मी म्हणत नाही. परंतु यंत्र कुठे जाईल हे त्याने विचारूनही सांगितले नाही, आणि पावती करण्यासही तो तयार नव्हता. या वयात अण्णांना कोणत्याही चौकशीला उभे राहावे लागू नये, असे मला वाटले.

चुलतभावाला नकार देणे जास्त अवघड गेले. अण्णांना तो मुलासारखा आहे, आणि फुकट दिलेल्या वस्तूविषयी हिशेब करणे आमच्याकडे कोतेपणाचे मानतात. मी अण्णांना इतकेच विचारले, की तुम्हाला ३० वर्षे झाडे तोडण्याचा अनुभव होता, फांदीवरचा ताण कुठल्या बाजूला आहे हे तुम्ही पाहताच ओळखता, आणि तरीही तुम्ही थोडक्यात वाचलात. हे यंत्र अशा पोराच्या हातात कसे द्यायचे, ज्याने अजून कुऱ्हाडीनेही मोठे झाड पाडलेले नाही? जुने यंत्र नेहमी नवशिक्याकडेच जाते, कारण जाणकार ते घेत नाही. अण्णा म्हणाले, “दुरुस्त करून दे की मग.” तेही मी मान्य केले नाही. पडलेले, वाकलेले, ताण घेऊन बसलेले झाड कापणे हे उभे झाड पाडण्याहून धोक्याचे असते, आणि पावसाळ्यात रस्ता मोकळा करताना नेमके तेच करावे लागते. ब्रेक त्यातला एक धोका कमी करतो, बाकीचे शिकावेच लागतात.

वाडीतच बापू आहेत. गेली पंधरा वर्षे ते फांद्या उतरवण्याचे काम करतात, भाड्याच्या यंत्रावर चालवतात आणि कुठल्या झाडाला परवाना लागतो हे त्यांना तोंडपाठ आहे. आम्ही त्यांना विचारले नव्हते, कारण त्यांच्याकडे एकदम पैसे नसणार असे आम्ही गृहीत धरले होते. मी विचारल्यावर त्यांनी कराडला येऊन उघडलेला कटर स्वतः पाहिला. नवी पट्टी नको, जुनीच्या कडा कानसीने सरळ करून ती उलटी बसवली तर अजून दोन हंगाम जातील, असे त्यांनी सुचवले आणि मिस्त्रींनीही मान डोलावली. खर्च ६,५०० वर आला. व्यवहार ११,००० रुपयांना ठरला, निम्मे लगेच आणि निम्मे होळीपर्यंत. आमच्या हाती ४,५०० रुपये राहिले, म्हणजे ठेकेदाराच्या रकमेपेक्षा ५०० रुपये कमी. भावाला मी हे आकडे जसेच्या तसे पाठवले. थोड्या वेळाने त्याचा फोन आला आणि त्याने फक्त अण्णांच्या बोटांविषयी विचारले.

कागद साध्या भाषेत केला. यंत्राचा क्रमांक, बदललेले भाग, ब्रेक तपासल्याची तारीख आणि मूळ बिल सोबत दिल्याची नोंद, खाली दोघांच्या सह्या. बापूंनी एक गोष्ट आपणहून कबूल केली, की पावसाळ्यात वाडीचा रस्ता बंद झाला तर ते कटर घेऊन येतील आणि चुलतभाऊ त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून राहील, मात्र पहिले वर्षभर तो फक्त कापलेले ओंडके ओढेल आणि पाहील. आईची अट त्यात आपोआप पुरी झाली. हाती आलेल्या पैशांतून मी चुलतभावासाठी जाळीचे आणि कानावरच्या मफांचे हेल्मेट आणले. पूर्ण वेगातल्या कटरचा आवाज १०० डेसिबलच्या वर असतो आणि जवळ उभ्या मदतनिसालाही तो सोसावा लागतो. चुलतभाऊ अजून माझ्यावर थोडा रागावलेला आहे, पण हेल्मेट त्याने घेतले.

देण्याच्या दिवशी अंगणात बापूंनी कटर जमिनीवर ठेवला, मागच्या मुठीत उजवा पाय रोवला आणि दुसऱ्या ओढीतच तो सुरू झाला. दोन मिनिटे तापू दिल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी तो घट्ट उचलला, पूर्ण वेग दिला आणि डाव्या मनगटाने हातरक्षक पुढे ढकलला. साखळी तिथल्या तिथे थांबली. अण्णांनी त्यांना पुन्हा एकदा करायला सांगितले, आणि मग तिसऱ्यांदाही.

जुनी साखळी मिस्त्रींनी पिशवीत घालून परत दिली होती. तिला दात अजून होते आणि कोणी तिला धार लावून पुन्हा कुठल्या तरी पट्टीवर चढवली असती. संध्याकाळी अण्णांनी ओट्यावर बसून छिन्नी आणि हातोड्याने तिची प्रत्येक कडी तोडली आणि तुकडे भंगारवाल्यासाठी डब्यात टाकले.